पाहुण्यांच्या गावी

नागपूरच्या गांधीबागेत सकाळचे दहा वाजले की कापडाच्या गाठी उतरू लागतात. सेंट्रल अव्हेन्यूवर डोक्यावरून मेट्रो निघून जाते, खाली हातगाड्या एकमेकींची वाट अडवतात आणि दुकानांतील पांढऱ्या गाद्यांवर दिवसाचा पहिला तागा उलगडला जातो. ज्या उद्यानावरून या भागाला नाव मिळाले त्याकडे बाजारातील माणसाचे सहसा लक्ष जात नाही. त्याच्या दृष्टीने गांधीबाग म्हणजे ठोक कापडाची पेठ, आणि पेठ म्हणजे दिसावरहून येणारी माणसे.

ही माणसे नागपुरात उतरत, त्याला कारण होते. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे देशाचे दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. सुरतेहून रायपूरला निघालेला, इचलकरंजीहून जबलपूरकडे चाललेला व्यापारी येथे गाडी बदलताना एक दिवस गांधीबागेत काढी. उधारीची वसुली होई, नवे नमुने दाखवले जात, आणि रात्री दुकानाच्या गादीवरच अंथरूण पडे. त्या काळी जैन व्यापाऱ्याला सूर्यास्तापूर्वी, कांदा-लसूण-बटाटा टाळून, गाळलेल्या पाण्याचे जेवण बाहेर कोठे मिळणार? ते गादीच्या वरच्या मजल्यावर मिळे.

अशाच एका वरच्या मजल्यावर एका गृहिणीने चाळीसहून अधिक वर्षे पाहुण्यांची पाने मांडली. बाजार तिच्या पतीला भाऊ म्हणतो आणि तिला वहिनी. येथेही तीच नावे पुरेत. भाऊ आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, वहिनी सदुसष्टच्या. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या चोपडापूजनानंतर भाऊंनी किल्ल्यांचा जुडगा मुलाच्या हाती दिला व गादीवरील आपली जागा सोडली.

वहिनी दिसावरच्या प्रत्येक मित्राला त्याच्या जेवणावरून ओळखत. सुरतचे मित्र उकळलेलेच पाणी घेत, सोलापूरच्यांना आयंबिलाचे पान लागे, इचलकरंजीचे मित्र भाकरीशिवाय उठत नसत. पण त्यांच्यापैकी एकाचेही घर वहिनींनी पाहिले नव्हते. त्या घरांतील स्त्रियांशी त्यांचा संबंध होता तो पार्सलांपुरता. दरवर्षी चंदी पडव्याच्या सुमारास सुरतहून घारीचा डबा येई. हिवाळ्यात येथून संत्र्यांची पेटी जाई. पर्युषणानंतर क्षमापनेची कार्डे दोन्हीकडून जात, आणि पुढे टेलिफोन आल्यावर दोन वाक्ये फोनवर. पुरुष चाळीस वर्षे एकमेकांकडे जात-येत राहिले आणि बायका चाळीस वर्षे एकमेकींसाठी डबे भरत राहिल्या.

मुलाने आईवडिलांना सिंगापूरच्या सहलीचा बेत सांगितला तेव्हा वहिनींनी हसून नकार दिला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी साध्वीजींसमोर दिशापरिमाणाचे व्रत घेतले होते व आपल्या जाण्यायेण्याची सीमा भारतभूमीपुरती बांधून घेतली होती. या व्रताचा हेतू हिंडण्याची व त्याबरोबर वाढणाऱ्या व्यवहाराची हाव आवरणे हा आहे. पण बांधलेल्या सीमेच्या आत कितीतरी जागा उरते, हे त्या दिवशी वहिनींच्या ध्यानात आले असावे. त्या एवढेच म्हणाल्या, "सिंगापूर नको. जे आपल्याकडे जेवून गेले, त्यांच्या घरी एकदा जाऊन येऊ."

प्रश्न उरला तो कसे जावे याचा. रेल्वेने गेले तर प्रत्येक गावी मुक्कामाचा भार मित्राच्या घरावर पडणार. मित्रही आता सत्तरीच्या पुढचे. कोणी नवव्या मजल्यावरील सदनिकेत, कोणाची पत्नी आजारी, कोणाची सून सकाळी आठला कामावर जाणारी. हॉटेलांत राहायचे तर वहिनींच्या चौविहाराचे आणि पाण्याचे काय? भाऊंचे गुडघेही भारतीय पद्धतीच्या शौचालयाला राजी नव्हते. शेवटी भाऊंनी एक वापरलेली टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली आणि नागपुरातीलच एका बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून तिचे फिरते घर करून घेतले.

परदेशांत निवृत्त जोडपी अशा मोटारघरांतून महिनोन्‌महिने हिंडतात. तेथे त्यांच्यासाठी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय असलेले तळ जागोजागी असतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, मध्य प्रदेश व केरळ यांनीही प्रयत्न केले. तरी महामार्गावरच्या प्रवाशाला असा तळ अजून शोधावा लागतो. ज्यांच्या मनात असा बेत असेल त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणीपुस्तकात तशी नोंद करावी लागते. आणि 7,500 किलोपर्यंतच्या अशा गाडीस हलक्या वाहनाचा परवाना चालतो. बदलाची नोंद न करता निघालेल्यांना विमा कंपनी अपघातानंतर कायदा वाचून दाखवते.

गाडीत मागे पलंग, मधे ओटा, टपावर सौर पत्रा, खाली पाण्याची टाकी. टाकी पाहून सगळे खूश झाले. वहिनी झाल्या नाहीत. चार दिवस साठलेले पाणी त्यांना पिण्यास चालणार नव्हते. म्हणून टाकीचे पाणी धुण्याभांड्यांपुरते ठरले, आणि पिण्याचे पाणी रोज सकाळी मुक्कामाच्या गावी भरून, दुहेरी कापडातून गाळून, पितळी पातेल्यात उकळायचे, प्रहरांचा हिशेब ठेवून वापरायचे, असे ठरले. जिवाणी ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच सोडायची असते. नळाच्या पाण्याची कोठे सोडायची, यावर पतीपत्नींत जी चर्चा झाली ती कारागिराने हातातले काम थांबवून ऐकली.

आधी भद्रावतीपर्यंत एक फेरी करून पाहिली. केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन झाले, धर्मशाळेच्या आवारात रात्र निघाली आणि ओट्याखालचा नळ गळतो हे कळले. मुलाने सोबत ड्रायव्हर नेण्याचा आग्रह धरला होता. भाऊंनी त्यावर तोड काढली की सूर्य मावळल्यावर चूलही बंद आणि चाकही बंद. या एका नियमाने मुलाची बहुतेक काळजी मिटली.

चातुर्मासात निघणे शक्यच नव्हते. कार्तिकी पौर्णिमा झाली, चौमासी प्रतिक्रमण झाले, साधुसाध्वींचे विहार सुरू झाले, आणि मागोमाग हे दोघेही कळमन्याच्या बाजारातून घेतलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या पाच पेट्या गाडीत घालून निघाले. निघताना शेजारच्या दुकानातील एका वृद्ध व्यापाऱ्याने विचारलेच, "भाऊ, हा परिग्रह नव्हे का?" भाऊंनी गाडी सुरू करता करता उत्तर दिले की परिग्रह आहे, म्हणूनच परत आल्यावर विकायची आहे.

समृद्धी महामार्गाने नागपूर–मुंबई अंतर पुष्कळ आवाक्यात आणले आहे. भाऊंनी मात्र अमरावती, अकोला, जळगाव, धुळे असा राष्ट्रीय महामार्ग 53 धरला, कारण पहिले मित्र सुरतेला होते. हा रस्ता चांगला झाला आहे. याच मार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचे डांबरीकरण एकशे पाच तासांत करून विक्रम नोंदवला गेला. पण वहिनींना रस्त्याहून वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले. नागपूर आणि सुरत जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. पश्चिमेकडे जावे तसा सूर्य उशिरा मावळतो आणि दोन्ही गावांत सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. नागपुरात साडेपाचच्या सुमारास ताट आवरावे लागे. अकोल्याला थोडी सवड मिळाली, धुळ्याला आणखी थोडी. पंचांगात हे सारे छापलेले असते, पण चुलीजवळ बसून तीन दिवसांत सूर्याकडून एकेक मिनिट मिळवत जाणे वेगळे.

कोंडाईबारी घाट उतरून नवापूरकडे जाताना, उजाडता उजाडता, रस्त्याच्या कडेने चार साध्वीजी विहार करीत चाललेल्या दिसल्या. भाऊंनी गाडी थांबवली. दोघांनी खाली उतरून वंदन केले, मांगलिक ऐकले. नवकारशीची वेळ झालेली नव्हती, आणि रस्त्यावर पुढ्यात नेऊन दिलेला आहार साधुसाध्वींना कल्पत नाही, हे वहिनींना ठाऊक होते. तरी त्यांचा हात क्षणभर डब्याकडे गेलाच. पुढे एक अरुंद पूल होता आणि मालमोटारी वेगाने येत होत्या. विहारात महामार्गावर किती साधुसाध्वींचे अपघात झाले आहेत, ते कोणत्या श्रावकाला माहीत नाही? भाऊंनी धोक्याचे दिवे लावले आणि पायी चालणाऱ्यांच्या मागे तितक्याच संथ गतीने गाडी नेली. मागून भोंगे वाजत राहिले. पूल संपल्यावर साध्वीजी एका कच्च्या वाटेने आत वळल्या. पलंग, ओटा, टाकी आणि टपावरचा पत्रा घेऊन गाडी पुन्हा वेगाला लागली, आणि बराच वेळ आत कोणी काही बोलले नाही.

सुरतेला आगतस्वागत उत्तम झाले, पण रात्रीच्या मुक्कामाचे कळताच मित्राचा चेहरा उतरला. ते नवव्या मजल्यावर राहतात. गाडी सोसायटीच्या कमानीखालून आत येईना, म्हणून समोरच्या मोकळ्या जागेत लावली होती. मित्र म्हणाले, "भाऊ, तुमच्या गादीवर मी निदान पन्नास रात्री झोपलो असेन. आता तुम्ही माझ्या दारापर्यंत येऊन गाडीत झोपणार? लोक काय म्हणतील ते सोडा. मी स्वतःला काय सांगू?"

यावर भाऊंजवळ उत्तर नव्हते. मित्रावर भार पडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि मित्राला तो नेमका तुमची आम्हाला गरज नाही असा निरोप वाटला. पाहुणचाराचा व्यवहार एकाच बाजूने चालत राहिला तर घेणारा मनातून ओशाळतो, ही गोष्ट आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला बसलेल्या भाऊंच्या ध्यानात कधी आली नव्हती.

जैन वाचकांना बनारसीदासांची आठवण येईल. जौनपूरच्या या व्यापारीपुत्राने 1641 मध्ये 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. त्यात आग्र्याला माल घेऊन निघालेला तरुण बनारसी इटाव्याजवळ मुसळधार पावसात सापडतो. दारोदार फिरूनही त्याला कोणी आसरा देत नाही, आणि अखेर पहारेकऱ्याच्या झोपडीत, दुसऱ्याच्या खाटेखाली त्याला रात्र काढावी लागते. ज्याने असा एक प्रसंग भोगला तो पुढे आपले छप्पर आपल्याबरोबर नेऊ पाहील, हे समजण्याजोगे आहे. पण त्याच पुस्तकात आग्र्याचा एक कचोरीवालाही आहे. पैसे नसलेल्या बनारसीला तो महिनोन्‌महिने उधारीवर खाऊ घालतो. बनारसीने बरोबर छप्पर आणि शिधा नेला असता, तर त्याची नि कचोरीवाल्याची गाठ पडलीच नसती.

सुरतेची कोंडी सोडवली ती वहिनींनी. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मित्राच्या पत्नीला फोन करून सांगितले, "आज संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे जेवायला या. एकट्याच या." मूग-तांदळाची खिचडी, कच्च्या केळ्याची भाजी आणि कढी केली. कढीचे ताक आधी नीट कढवून मग बेसन घातलेले. द्विदळाचा दोष वहिनी प्रवासातही लागू देणाऱ्या नव्हत्या. सुरतच्या वहिनी आल्या. पायरीवर हात देऊन त्यांना वर घ्यावे लागले, कारण त्यांचेही गुडघे तसलेच. आत पलंगाच्या कडेवर त्या बसल्या आणि त्यांच्यासमोर ताट आले. त्यांनी सवयीने उठून पाणी घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वहिनींनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवले. ओटा आणि पलंग यांत अंतरच इतके थोडे होते की वाढणारीला उठावे लागत नव्हते.

दोघी सूर्यास्तापर्यंत जेवत होत्या आणि नंतर अंधार पडेपर्यंत बोलत होत्या. चाळीस वर्षांत आपण कोणाच्या घरी पाहुणी म्हणून गेलो ते फक्त माहेरी, असे सुरतच्या वहिनी म्हणाल्या. घारीचा डबा भरताना आपण दरवर्षी गांधीबागेचे घर कसे असेल ते डोळ्यांपुढे आणीत असू, आणि त्यात एक मोठा झोपाळा असे, हेही त्यांनी सांगितले. गांधीबागेच्या त्या घरात झोपाळा कधीच नव्हता. वहिनींनी तसे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र स्वतः दुधाचे भांडे घेऊन खाली आले. पायरीवर बसून त्यांनी वर्तमानपत्र वाचले आणि गाडीतील मुक्कामाचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढे महामार्ग 48 ने मुंबईच्या बाहेरून, पुणे, सातारा, कऱ्हाड करीत ते इचलकरंजीला पोहोचले. भाऊंना खरे तर येथेच यायचे होते, हे वहिनींना नागपूर सोडण्यापूर्वीच कळले होते.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात इचलकरंजीहून आलेल्या मालाच्या काही गाठी भिजलेल्या निघाल्या. भाऊंनी बिलातून 31,400 रुपये कापले. मित्राने पत्राने एवढेच कळवले की, आपण म्हणता ते मान्य. व्यवहार चालू राहिला, क्षमापनेची कार्डे येत राहिली, पण मित्र त्यानंतर गांधीबागेत आले नाहीत. पुढच्या वर्षी एका हमालाच्या बोलण्यातून कळले की गाठी नागपुरातच, उतरवून ठेवलेल्या गोदामाच्या गळक्या छपराखाली भिजल्या होत्या. भाऊंनी ते कधी कळवले नाही. आज लिहू, उद्या लिहू असे करता वर्षे गेली. दर संवत्सरीला छापील कार्डावर मिच्छामि दुक्कडम् लिहिताना या पत्त्यापाशी लेखणी अडे आणि पुढे जाई.

मित्रांनी आल्याबरोबर त्यांना कुंभोजच्या बाहुबलीला नेले. टेकडीवरची बाहुबलींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती तेथे 1963 पासून उभी आहे. त्याच परिसरात दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही मंदिरे आहेत. मित्र दिगंबर, भाऊ श्वेतांबर, दोघांनी दोन्हीकडे दर्शन घेतले. उतरताना पायऱ्यांवर दम खायला बसले असता भाऊंनी विषय काढला. हिशेब सांगितला, आकडा सांगितला, आणि खिशातून पाकीट काढले.

मित्र म्हणाले, "एकतीस हजार चारशे. मला पण आठवतंय. पण ते खातं मी त्याच दिवाळीला बंद केलं, भाऊ. बंद केलेल्या खात्यात पैसे कसे घेऊ?"

"मग तुम्ही आमच्याकडे येणं का सोडलंत?"

मित्र बराच वेळ खालच्या शेतांकडे पाहत राहिले. "खराब माल पाठवणारा माणूस म्हणून तुमच्या पंगतीला कसा बसणार होतो? वहिनी भाकरी वाढायच्या. मला ते जमलं नसतं."

तेव्हा भाऊंनी हात जोडले. या वेळी कार्ड नव्हते आणि छापील ओळही नव्हती. शब्द नीट फुटले नाहीत, असे वहिनी सांगतात. मित्रांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि म्हणाले, "मुद्दल माफ. सव्वीस वर्षांचं व्याज मात्र सोडणार नाही. चार दिवस राहायचं. आणि गाडीत नाही, वर माडीवर."

चार रात्री मोटारघर यंत्रमागांच्या शेडसमोर रिकामे उभे राहिले. माडीवर मागांची खडखड रात्रभर ऐकू येई. भाऊंना तरी बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

सोलापूरला उशीर झाला होता. मित्र दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते. मुलाने दुकान भाड्याने देऊन पुण्याला बिऱ्हाड केले होते. चादरींच्या दुकानावर आता मोबाइलची पाटी आहे. संत्र्यांची ती पेटी तेथील मंदिराच्या भोजनशाळेत दिली. हैदराबादचे मित्र नातीच्या लग्नाच्या गडबडीत होते. त्यांनी दोन तास काढून कुलपाकजीला माणिक्यस्वामींच्या दर्शनाला सोबत केली, तेवढ्यावर भेट झाली.

तेथून महामार्ग 44 सरळ उत्तरेस येतो. आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडावर हैदराबाद 318 मैल कोरलेले आहे. बैलगाडीच्या काळापासून हे अंतर फारसे हललेले नाही. सुमारे अडीच हजार किलोमीटर फिरून गाडी परत आली ती दुपारी, सूर्य चांगला वर असताना. गांधीबागेच्या गल्लीत ती शिरेना, म्हणून सामान हातगाडीवर घालून घरी आणावे लागले. हमालाने विचारले, माल कोठचा?

गाडी अजून विकलेली नाही. शेजारचे वृद्ध व्यापारी रोज आठवण करतात, आणि भाऊ गिऱ्हाईक पाहतो आहे असे सांगतात. इचलकरंजीहून पौष महिन्यात येतो असा फोन आला आहे, रेल्वेने. सुरतच्या वहिनीही येणार आहेत, आणि त्यांनी आपल्या मुलाला तिकीट दोघांचे नव्हे, एकटीचे काढायला सांगितले आहे. वहिनींनी पाहुण्यांच्या गाद्या गच्चीवर उन्हात घातल्या आहेत, आणि झोपाळ्यासाठी वरच्या खोलीत कड्या कोठे ठोकता येतील, ते पाहायला सुताराला बोलावले आहे.